पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ घरच्या टीव्हीवर चालायलाच हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या जुन्या कॅसेट, बारशाचे फोनवर काढलेले व्हिडिओ, सोसायटीच्या गणपतीतली नाटुकली हे सगळे पेनड्राइव्हवर घालून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर १ आणि ५ हे दोन प्रश्न वाचले तरी बहुतेकांचे काम होईल. पुढचे प्रश्न अडलेल्यांसाठी आहेत.

१. फार खोलात जायचे नाही. सगळीकडे चालेल अशी एकच सेटिंग सांगा ना.

फाइल एमपी४. व्हिडिओ एच.२६४ (चित्र दाबून बसवण्याची एक पद्धत), प्रोफाइल हाय, लेव्हल ४.० (या दोन्हींसाठी ६ वा प्रश्न), रंग ८ बिट. आकार जास्तीत जास्त १९२० × १०८०. फ्रेम सेकंदाला २५ किंवा ३०, मूळ व्हिडिओत असतील तेवढ्याच, पण ठरावीक. आवाज एएसी, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १६० केबीपीएस. यूएसबीवरून व्हिडिओ दाखवणाऱ्या जवळपास प्रत्येक फुल एचडी आणि फोरके टीव्हीवर ही फाइल चालते.

साधा डीव्हीडी प्लेअर यात बसत नाही. त्याच्यासाठी १५ वा प्रश्न पाहा.

२. फाइलीच्या नावापुढे एमपी४च आहे, तरी टीव्ही ‘फॉरमॅट चालत नाही’ म्हणतो. असे का?

एमपी४ हा नुसता डबा आहे. बाहेरून सगळे डबे सारखे दिसतात, आत पोळी-भाजी आहे की साबुदाण्याची खिचडी ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकते, एच.२६५ असू शकते, एव्ही१ही असू शकते. एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हेही असेच डबे. चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून बसवलेले असतात तिला कोडेक म्हणतात, आणि टीव्हीला डबा आणि कोडेक दोन्ही ओळखता यावे लागतात.

म्हणूनच फाइलीचे नाव बदलून एमकेव्हीचे एमपी४ केल्याने काहीच होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली, आतला पदार्थ तोच राहिला.

३. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्यवस्थित चालते. मग टीव्हीला काय अडचण आहे?

लॅपटॉपचा प्रोसेसर ताकदवान असतो. एखादा कोडेक त्याच्या ग्राफिक्स चिपला येत नसला तरी व्हीएलसी तो सॉफ्टवेअरने उलगडते. टीव्हीतला प्रोसेसर लहान असतो आणि उलगडण्याचे काम एक ठरावीक चिप करते. कारखान्यात जे कोडेक शिकवले तेवढेच तिला येतात. त्यामुळे ‘व्हीएलसीत चालली’ ही चाचणी धरूच नका. एक मिनिटाचा तुकडा बनवून ज्या टीव्हीवर पाहायचा आहे त्याच टीव्हीला लावून बघा. तीन तासांची फाइल रात्रभर बनवून सकाळी ती चालत नाही हे कळले की फार वाईट वाटते.

४. माझ्या फाइलीच्या आत नक्की काय आहे, हे कसे पाहायचे?

मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यावर ओढून टाका. पाच गोष्टी वाचा : व्हिडिओचा फॉरमॅट आणि प्रोफाइल, बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली), फ्रेम रेट मोड (फ्रेमचा वेग ठरावीक की बदलता) आणि आवाजाचा फॉरमॅट. बिट डेप्थ ८, क्रोमा ४:२:०, फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’, व्हिडिओ ‘एव्हीसी’ आणि आवाज ‘एएसी’ असेल तर फाइल बहुधा चालेल. एव्हीसी हे एच.२६४चेच दुसरे नाव, तसेच एचईव्हीसी म्हणजे एच.२६५.

मला प्रश्न पाठवताना ही माहिती सोबत पाठवा. ‘व्हिडिओ चालत नाही’ एवढ्यावरून काही सांगता येत नाही.

५. हँडब्रेकमध्ये नेमके काय काय निवडायचे?

हँडब्रेक हे व्हिडिओ नव्याने दाबून, म्हणजे एन्कोड करून देणारे सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. तयार प्रीसेटपैकी ‘फास्ट १०८०पी३०’ घ्या आणि त्यात पुढचे बदल करा.

व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४) निवडा. नावापुढे ‘१०-बिट’ लिहिलेला घेऊ नका. फ्रेम रेट मूळ व्हिडिओएवढा आणि ‘कॉन्स्टंट’ ठेवा. दर्जाची पट्टी, म्हणजे आरएफ, फुल एचडीला २० ते २२ आणि जुन्या कॅसेटला १८ ते २० ठेवा. आकडा कमी केला की दर्जा आणि फाइल दोन्ही वाढतात. ढोबळमानाने आकडा सहाने उतरला की फाइल दुप्पट होते. म्हणून ‘सर्वांत चांगला दर्जा’ हवा म्हणून आरएफ १० करणे व्यर्थ आहे. फाइल फुगते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

एन्कोडर प्रीसेट ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’, प्रोफाइल ‘हाय’, लेव्हल ‘४.०’. आवाजाच्या टॅबमध्ये एएसी, स्टिरिओ, १६०. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक करा. पेनड्राइव्हसाठी ते गरजेचे नाही, पण तीच फाइल वायफायवरून टीव्हीला पाठवली तर लवकर सुरू होते.

सगळे झाले की हा प्रीसेट स्वतःच्या नावाने सेव्ह करा. पुढच्या वेळी यातले काही आठवावे लागणार नाही.

६. प्रोफाइल आणि लेव्हल म्हणजे काय? मी ‘ऑटो’ ठेवले तर?

प्रोफाइल म्हणजे दाबण्याच्या कोणत्या युक्त्या वापरल्या आणि लेव्हल म्हणजे प्लेअरवर किती भार येणार. लेव्हल ४.०मध्ये १०८०पी सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत बसते. ५० किंवा ६० फ्रेम हव्या असतील तर लेव्हल ४.२ लागते, आणि अनेक जुने टीव्ही ४.१च्या पुढे जात नाहीत.

लेव्हलमध्ये आणखी एक मर्यादा दडलेली असते. पुढची फ्रेम उलगडण्यासाठी आधीच्या किती फ्रेम लक्षात ठेवायच्या, तिची. १०८०पीला लेव्हल ४.०–४.१मध्ये जास्तीत जास्त ४ संदर्भ-फ्रेम चालतात. ‘ऑटो’ आणि ‘व्हेरी स्लो’ प्रीसेट एकत्र आले तर हा आकडा १६पर्यंत जातो. मग टीव्ही फाइल नाकारतो किंवा चित्रात चौकोनी ठिगळे येतात. लेव्हल नेमून दिली की हँडब्रेक ही मर्यादा आपोआप पाळते, म्हणून ‘ऑटो’ नको.

७. एच.२६५ने फाइल निम्मी होते म्हणतात. तेच का वापरू नये?

निम्मी नाही, पण बरीच लहान होते, आणि फोरकेसाठी तोच योग्य आहे. एच.२६४चे मानक २००३चे, एच.२६५चे २०१३चे. त्यामुळे हा निकष सोपा आहे : टीव्ही फोरके असेल तर एच.२६५ बहुधा चालेल, जुना फुल एचडी असेल तर बहुधा नाही. फाइल एकाच घरात राहणार असेल आणि तो टीव्ही तुम्ही तपासला असेल तर खुशाल वापरा. चार घरी वाटणार असाल तर एच.२६४च.

एक अपवाद लक्षात ठेवा. एच.२६५ची एमपी४ फाइल टीव्हीवर चालते आणि ॲपलच्या उपकरणांवर चालत नाही, असे झाले तर फाइलीत ‘एचईव्ही१’ अशी खूण आहे का पाहा. ॲपलला ‘एचव्हीसी१’ लागते. त्यासाठी पुन्हा एन्कोड करायची गरज नाही, फक्त खूण बदलून डबा नव्याने बांधायचा.

८. चित्र दिसते, पण आवाजच येत नाही.

आवाज बहुधा डीटीएस कोडेकचा असतो. बऱ्याच टीव्हींत तो चालत नाही. सॅमसंगने तर २०१८पासूनच्या टीव्हींतून डीटीएस काढूनच टाकले, त्यामुळे जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्यावर मुकी होते. ओपस आणि फ्लॅक या आवाजाच्या कोडेकचेही असे होऊ शकते. नुसता आवाज एएसी करून घ्या, चित्राला हात लावायची गरज नाही (१७ वा प्रश्न पाहा).

होम थिएटरवर ५.१ (सहा स्पीकरांचा आवाज) ऐकायचे असेल तर फाइलीत दोन आवाज ठेवा : पहिला एएसी स्टिरिओ आणि दुसरा एसी३. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच टीव्ही पहिलाच आवाज उचलतात. अशा फाइलीला एमकेव्हीचा डबा बरा, एमपी४मधला एसी३ काही जुन्या प्लेअरना सापडत नाही.

९. फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, ‘फाइल फार मोठी’ असे येते. पेनड्राइव्ह तर रिकामा आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, जागा कितीही असो. टीव्हीसाठी पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतले सगळे दुसरीकडे उतरवून. टीव्ही जुना असेल आणि हे दोन्ही ओळखत नसेल तर फाइलीचे दोन भाग करा, लग्नाचा आणि स्वागतसमारंभाचा.

१०. आमच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. कोणी हलले की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॅसेटवरची चित्रे पुन्हा काढता येत नाहीत, आणि इथे केलेली चूक फाइलीत कायमची राहते.

आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या. त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्धुकांची : एकात सम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात विषम. ही दोन अर्धुके वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ५० क्षण. जुन्या टीव्हीची काचनळी ती एकापाठोपाठ एक रंगवायची, म्हणून रेघा कधी दिसल्या नाहीत. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो आणि हार घालणारा हात दातेरी दिसतो. याला इंटरलेसिंग म्हणतात.

हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस निवडा. तिथे ‘डिफॉल्ट’ घेतले तर २५ फ्रेम मिळतात आणि अर्ध्या हालचाली गळतात. ‘बॉब’ घेऊन फ्रेम रेट ५० केला तर सगळे ५० क्षण टिकतात. मी कॅसेटला नेहमी बॉब घेतो. नवरदेवापुढे बेभान नाचणाऱ्यांची हालचाल तशीच ओघवती राहते, आणि टीव्हीलाही त्रास नाही, कारण ५७६ ओळींचा व्हिडिओ ५० फ्रेमनेही लेव्हल ३.१मध्येच बसतो.

जुन्या एचडी हँडिकॅमचे रेकॉर्डिंग १०८०आय, म्हणजे इंटरलेस केलेले १०८० ओळींचे असेल तर मात्र पेच आहे. ते बॉबने १०८०पी५० केले की लेव्हल ४.२ लागते. टीव्ही जुना असेल तर आकार १२८० × ७२० करा आणि ५० फ्रेम ठेवा, ते लेव्हल ४.०मध्ये मावते. अशा वेळी मी आकार कमी करतो, हालचाल कमी करत नाही.

दोन गोष्टी आणखी. व्हीएचएस चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी असते, ती क्रॉप करून टाका. आणि चित्र मुद्दाम १०८०पर्यंत मोठे करू नका. मोठे करायचे काम टीव्ही स्वतः करतो.

११. कॅसेटवरून घेतलेल्या व्हिडिओत सगळी माणसे बुटकी आणि जाड दिसतात.

चित्र ४:३चे आहे आणि टीव्ही ते १६:९ पडद्यावर ताणतो आहे. आधी रिमोटवरून पिक्चर साइझ ‘ओरिजिनल’ किंवा ४:३ करून पाहा. तरीही बेढब दिसले तर दोष फाइलीत आहे. डीव्हीडी आणि कॅसेटच्या ७२० × ५७६ चित्रातले ठिपके चौरस नसतात, ते किती ताणायचे याची नोंद फाइलीत वेगळी असते आणि काही टीव्ही ती वाचतच नाहीत. हँडब्रेकमध्ये ॲनामॉर्फिक (ताणण्याची ही नोंद) बंद करून आकार ७६८ × ५७६ ठेवा. मूळ चित्र रुंद पडद्याचे असेल तर १०२४ × ५७६. कडा क्रॉप केल्या असतील तर त्याच प्रमाणात थोडे कमी.

१२. फोनवर उभा धरून काढलेला व्हिडिओ टीव्हीवर आडवा पडतो.

फोन चित्र फिरवत नाही, ‘हे फिरवून दाखवा’ अशी नोंद फक्त लिहितो. टीव्ही ती वाचत नाही. एकदा हँडब्रेकमधून काढताना चित्र खरोखर फिरवून घ्या. प्रिव्ह्यूत सरळ दिसत नसेल तर फिल्टर्समध्ये रोटेट द्या. उंची मात्र १०८०च ठेवा, रुंदी साधारण ६०८ होईल. १०८० × १९२० असा उभा आकार ठेवला तर काही टीव्ही फाइल उघडत नाहीत, त्यांच्या चिपला १०८०च्या आसपासच उंची झेपते.

१३. फोनच्या लांब व्हिडिओत शेवटी शेवटी आवाज पुढे आणि ओठ मागे जातात.

फोन उजेडानुसार फ्रेमचा वेग बदलतो : कधी ३०, अंधारात २४. कॉम्प्युटर ते सांभाळतो, टीव्ही गडबडतो. ५ व्या प्रश्नातले ‘कॉन्स्टंट’ हेच याचे औषध.

१४. नव्या फोनचा व्हिडिओ टीव्हीवर फिका, धुरकट दिसतो.

तो एचडीआर (जास्त उजेड-अंधार टिपणारा) आहे आणि तुमचा टीव्ही साधा आहे. आयफोन १२पासून आयफोनवर हे होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करा. त्याच जागी ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ केले की आयफोन एच.२६५ऐवजी एच.२६४ वापरतो. घरच्या कार्यक्रमाआधी हे दोन बदल केले तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

१५. गावी आजीकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे. त्यावर चालेल असे काही करता येईल का?

येईल. आजीला सवयीच्या रिमोटवर नातवंडे दिसावीत यासाठी हा खटाटोप करायला मला नेहमीच आवडते.

खात्रीचा मार्ग म्हणजे खरी डीव्हीडी. एमपी४ फाइल डिस्कवर नुसती कॉपी केली तर ती डीव्हीडी होत नाही. आत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर लागतो, चित्र एमपेग-२, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज एसी३, ४८ किलोहर्ट्झ. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळे करते आणि मेनूही बनवून देते. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे असतील तर व्हिडिओ सुमारे ४७०० केबीपीएस आणि आवाज १९२ ठेवा. एका तासाचाच कार्यक्रम असेल तरी ८०००च्या वर जाऊ नका. मानकाची मर्यादा ९८०० आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुन्या प्लेअरची लेन्स तेवढ्या वेगाला अडखळते. डीव्हीडी-आर घ्या, मध्यम वेगाने बर्न करा आणि डिस्क फायनलाइझ करायला विसरू नका.

प्लेअरला यूएसबी खाच असून त्यावर ‘डिव्हएक्स’ लिहिलेले असेल तर डिस्कशिवायही भागते. तिथे एव्हीआय फाइल लागते : एक्सव्हिड, जास्तीत जास्त ७२० × ५७६, २५ फ्रेम, आवाज एमपी३ ठरावीक १२८ किंवा १९२. ‘क्यूपेल’ आणि ‘जीएमसी’ हे दोन्ही पर्याय बंद ठेवा, या प्लेअरना ते जमत नाहीत. हँडब्रेक एव्हीआय बनवत नाही, त्यासाठी ॲव्हिडेमक्स हे सॉफ्टवेअर वापरा. पेनड्राइव्ह फॅट३२च हवा.

फाइलींची नावे छोटी आणि इंग्रजी अक्षरांत द्या. देवनागरी नावाच्या जागी अशा प्लेअरवर चौकोन उमटतात, कधी फाइल यादीतच येत नाही. काही प्लेअर नावाचा क्रम न पाहता कॉपी केलेल्या क्रमाने फाइली लावतात, म्हणून मंगलाष्टकांआधी पाठवणी नको असेल तर कॉपीही एकेक करून, क्रमानेच करा.

१६. मराठी सबटायटल टीव्हीवर मोडकी दिसतात.

सबटायटलची एसआरटी फाइल व्हिडिओच्याच नावाची हवी आणि यूटीएफ-८मध्ये सेव्ह केलेली हवी. विंडोजच्या नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना खाली एन्कोडिंग निवडता येते. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा चित्रविचित्र खुणा दिसत असतील तर दोष इथे आहे.

अक्षरे देवनागरीच आहेत, पण जोडाक्षरे सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, असे असेल तर दोष टीव्हीचा. त्याला देवनागरी अक्षरे माहीत आहेत, ती जुळवायची रीत माहीत नाही. ‘किल्ली’, ‘स्त्री’, ‘सूर्य’, ‘वऱ्हाड’ हे चार शब्द असलेली एक चाचणी फाइल बनवा. ‘वऱ्हाड’ नीट आले तर बाकीचे बहुधा येतेच.

टीव्ही जुळवत नसेल तर सबटायटल चित्रातच कोरावी लागतात. हँडब्रेकच्या सबटायटल्स टॅबमध्ये एसआरटी आणून ‘बर्न इन’वर टिक करा. फॉन्ट आपल्या पसंतीचा हवा असेल तर आधी एजिसब या सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट नेमा आणि एएसएस म्हणून सेव्ह करून ती वापरा. मात्रा आणि उकार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींत मोकळी जागा ठेवा. कोरलेली सबटायटल पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून बिनसबटायटलची एक प्रत वेगळी ठेवाच.

१७. पुन्हा एन्कोड न करता काम होणार नाही का? दर्जा घसरेल ना.

पुष्कळदा होते. मीडियाइन्फोत चित्र एच.२६४ ८ बिट दिसत असेल आणि अडचण फक्त डब्याची किंवा आवाजाची असेल तर ॲव्हिडेमक्समध्ये व्हिडिओ ‘कॉपी’, आवाज एएसी आणि बाहेर एमपी४ असे निवडा. दोन तासांची फाइल काही मिनिटांत तयार होते आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. हँडब्रेक मात्र चित्र प्रत्येक वेळी नव्याने दाबते, त्यामुळे या कामाला ते नको.

१८. व्हिडिओ अडखळत चालतो, मधेच थांबतो.

तोच पेनड्राइव्ह लावून दुसरी साधी फाइल चालवून पाहा. तीही अडखळली तर पेनड्राइव्ह संथ आहे. बाहेरची हार्डडिस्क असेल तर टीव्हीची यूएसबी खाच तिला पुरेशी वीज देत नसेल, दुसऱ्या खाचेत लावून बघा. फक्त एकच फाइल अडखळत असेल तर तिचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाचावा लागतो ते पाहा. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोरके फाइली सेकंदाला १०० मेगाबिटच्या घरात असतात. ५ व्या प्रश्नाप्रमाणे एकदा काढून घ्या.

१९. लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्याने दिलेली फाइल कुठल्याच टीव्हीवर चालत नाही.

माझ्याकडे आलेल्या अशा फाइली बहुतेक १० बिट ४:२:२ निघाल्या. आजचे कॅमेरे तसे रेकॉर्ड करतात, रंग सुधारायला ते उत्तम आहे, पण घरच्या टीव्हीची चिप ते उलगडत नाही. एच.२६४ १० बिट तर फोरके टीव्हीवरही जवळपास कुठेच चालत नाही. एच.२६५ १० बिट ४:२:० चालते, ही गोष्ट वेगळी.

त्यांना एवढेच सांगा : ‘टीव्हीसाठी एच.२६४, ८ बिट, ४:२:०, हाय प्रोफाइल, १०८०पी२५, आवाज एएसी स्टिरिओ अशी एक प्रत द्या आणि कॅमेऱ्याची मूळ फाइलही द्या.’ पैसे चुकते करण्याआधी ती प्रत घरच्या टीव्हीला लावून पाहा.

२०. टीव्हीसाठी फाइल झाली. आता मूळ फाइल आणि कॅसेट टाकून देऊ का?

नको. टीव्हीची प्रत आजच्या टीव्हीसाठी आहे. दहा वर्षांनी दुसरा कोडेक लागेल तेव्हा तो या प्रतीतून नव्हे, मूळ फाइलीतून बनवायचा, कारण दाबलेले पुन्हा दाबले की दर वेळी थोडे गळते. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅसेट कोरड्या जागी उभ्या ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आधी टेप साफ करून घ्या.